आबालाल रहिमान

सटाण्याच्या बाजारात कांदा घेऊन आलेले म्हातारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. दुपारी एखादे बाबा झाडाखाली टेकतात. चेहऱ्याची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत. ते दमले आहेत की काळजीत आहेत, हे त्यांनी न बोलताही आपल्याला कळते. तेच कागदावर उतरवणारे एक थोर चित्रकार कोल्हापुरात होऊन गेले. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

त्यांच्या घराण्यात कुराण शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. तुम्ही उर्दू लिहिता. एक नुक्ता चुकला तर अक्षरच बदलते, हे तुम्हांला ठाऊक आहे. अशा घरात आबालालांचा हात लहानपणीच स्थिर झाला असावा, असे मला वाटते.

पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तेथे समोर माणूस बसवून त्याच्या चेहऱ्याचा अभ्यास करावा लागे. आधी डोके व मान यांचे माप घ्यायचे. मग उजेड कोठून येतो ते पाहायचे. कपाळ, नाक, गालाचे हाड उजळ; डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग गडद. उजेड व अंधार यांच्या मधली छटा सर्वांत अवघड! ती जमली नाही, तर चेहरा मातीच्या पुतळ्यासारखा दिसतो. पापणी किंचित खाली आली की थकवा दिसतो. ओठांची रेघ जराशी बदलली की तोच माणूस रागीट वाटू लागतो. आबालाल या अभ्यासात फार पुढे गेले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले.

मुंबईत राहिले असते, तर पैसा व कीर्ती दोन्ही मिळाली असती. पण आईवडिलांच्या आजारपणामुळे ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. तरी ते कोटितीर्थ तलावाजवळ फकिरासारखे साधे राहत आणि तलाव, झाडे, पाण्यावरचा प्रकाश रंगवीत. बाबूराव पेंटर यांच्यासारख्या पुढच्या चित्रकारांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता.

१९२२ साली शाहू महाराज वारले. त्या दुःखात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगतात. १९३१ साली त्यांचे निधन झाले.

उरलेल्या चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. सहलीला गेलात, तर त्यांच्यासमोर थोडा वेळ उभे राहा आणि उजेड कोणत्या बाजूने आला आहे ते शोधा.