टोपीची पिन आणि दहाचा पाना

मैत्रिणींनो, ऐन घाईच्या वेळी बटण दाबावं आणि गाडीने नुसतं टक् करून गप्प बसावं, यासारखा वैताग नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या स्कूटरने हाच उद्योग मांडला. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ काही लागेना. माझं माहेर चौदा किलोमीटरवर. आई तिथे एकटी असते. दिवसाआड तिची औषधं आणि डबा घेऊन मला जावंच लागतं. एस.टी. आहे, पण तिच्या वेळा तिच्या मर्जीच्या. किक मारावी, तर गुडघा केव्हाचा बोलायला लागलाय.

एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या माणसाने वरवर बघून सांगितलं की अख्खी स्टार्टर मोटर बदलावी लागेल, गाडी ठेवून जा आणि बोलायला साहेबांना पाठवा. आता गाडी माझी, हप्ते फेडले माझ्या शिवणकामातून, चालवते मी, आणि बोलायला मात्र साहेब हवेत! रस्त्यावरच्या एका मुलाकडून किक मारून घेतली आणि गाडी तशीच घरी आणली. त्या रात्री चिडचिडीने झोप येईना, तेव्हा आठवली बर्था बेंझ. माहेरी जायला निघालेली आणि वाटेत गाडी स्वतः दुरुस्त करणारी पहिली बाई!

मर्सिडीज-बेंझ हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यातल्या बेंझ घराची ही सून. माहेरची बर्था रिंगर. जर्मनीतल्या फोर्झहाइम गावात 3 मे 1849 रोजी तिचा जन्म झाला. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात चांगले नावारूपाला आलेले. घर सुखवस्तू, पण घरात आधीच मुली होत्या. हिचा जन्म झाला तेव्हा घरच्या बायबलमध्ये, पुन्हा मुलगीच झाली अशा अर्थाची हळहळीची ओळ लिहिली गेली. पुढे ती ओळ बर्थाच्या वाचनात आली, असं सांगतात. आपल्याकडे हे नवीन नाही. नकोशा मुलीच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत. पण या मुलीच्या डोक्यात मात्र यंत्रांबद्दल कुतूहल भरलेलं होतं.

कार्ल बेंझ नावाच्या तरुण इंजिनिअरशी तिचं लग्न ठरलं. मुलगा हुशार, पण हातात पैसा नाही. 1871 साली मानहाइम शहरात त्याने भागीदारीत कारखाना काढला आणि भागीदार बेभरवशाचा निघाला. धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने काय केलं? आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. लग्न झालं 20 जुलै 1872 रोजी. म्हणजे अंगाला हळद लागायच्या आधीच तिने आपलं सगळं या माणसाच्या कामावर लावलं होतं. मी काही हुंड्याची भलामण करत नाही हं. पण आपला पैसा कुठे लावायचा हे तिने स्वतः ठरवलं, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढची वर्षं ओढगस्तीची गेली. एकामागून एक मुलं झाली, डोक्यावर देणी होती, आणि नवरा रात्रंदिवस इंजिनाच्या मागे. 1879 साल संपता संपता, 31 डिसेंबरच्या रात्री, जेवणानंतर दोघं पुन्हा एकदा कारखान्यात गेली आणि कितीतरी खटपटीनंतर ते इंजिन एकदाचं लयीत चालू लागलं. कार्लने म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यात त्याने कबूल केलंय की बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा एकटी बायकोच त्याच्यासोबत उभी होती.

29 जानेवारी 1886 रोजी त्याने आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं, ते त्याच्या एकट्याच्या नावे. पण गाडी विकत घेणार कोण? घोड्याशिवाय धावणारं हे धूड लोकांना करमणूक वाटे, नाहीतर भीती. कार्ल स्वभावाने संकोची. अजून थोडी सुधारणा करू म्हणत तो गाडी बाहेर काढायलाच तयार नव्हता.

ऑगस्ट 1888. मुलांना सुट्टी लागली होती. एका पहाटे नवरा झोपेत असताना बर्थाने पंधरा वर्षांच्या ऑयगेनला आणि त्याच्याहून धाकट्या रिशार्डला उठवलं. माहेरी जात असल्याची चिठ्ठी घरात ठेवली आणि तिघं गाडी घेऊन निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. तोवर कुणीही मोटारगाडीने एवढ्या लांब गेलेलं नव्हतं. गाव जागं होऊ नये म्हणून गाडी आधी थोडी ढकलत नेली, असंही सांगतात.

त्या गाडीला बटण नव्हतं बरं का. मागच्या बाजूला एक मोठं आडवं जड चाक होतं. ते हाताने जोर लावून फिरवायचं, तेव्हा इंजिन सुरू होणार. रस्ते बैलगाडीचे आणि घोडागाडीचे. पेट्रोलपंप तर सोडाच, पेट्रोल ही काय चीज आहे तेही लोकांना ठाऊक नाही. वीसलोख गावात इंधन संपत आलं तेव्हा ती औषधाच्या दुकानात शिरली. कपड्यांवरचे डाग काढायला लिग्रॉइन नावाचं रसायन तिथे मिळायचं, तेच गाडीत ओतलं. त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणतात. इंजिन थंड ठेवायला सतत पाणी लागे. ते विहिरीवर, ओढ्यावर जिथे मिळेल तिथे भरलं.

मग सुरू झाल्या खऱ्या अडचणी. इंधनाची नळी तुंबली. बर्थाने टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. ठिणगी देणाऱ्या वायरचं वेष्टण घासून गेलं. तिने आपल्या मोज्याचा पट्टा काढून तिथे गुंडाळला. साखळीच्या कामाला ब्रुखझाल गावच्या लोहाराची मदत घेतली. चढावर गाडी दमली की पोरं खाली उतरून ढकलायची. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराला त्यावर चामडं ठोकून द्यायला सांगितलं. गाड्यांच्या ब्रेकला लायनिंग लावायची कल्पना अशी रस्त्यात जन्माला आली. अंधार पडल्यावर तिघं माहेरी पोचली आणि कार्लला तार केली.

काही दिवसांनी दुसऱ्या वाटेने ती परत आली, तीही तशी रिकाम्या हाताने नाही. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे तिनेच नवऱ्याला सांगितलं आणि त्याने तो बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि लोकांची नजर बदलायला लागली.

मला या गोष्टीत धाडसापेक्षा एक वेगळंच महत्त्वाचं वाटतं. पिन कुठे घालायची हे तिला माहीत होतं! नळीतून काय वाहतं, वायर कशासाठी आहे, हे तिने इतकी वर्षं कारखान्यात डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. नुसती पिन काय, आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असते.

तर दुसऱ्या दिवशी मीही गाडीची माहितीपुस्तिका काढून बसले. तुम्हाला म्हणून सांगते, प्रकरण फार अवघड नाही. बर्थाच्या काळानंतर गाड्यांना पुढून हँडल मारावं लागे. ते उलटं फिरलं की मनगटं मोडायची. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसला. गाडी सुरू करायला अंगातली ताकद लागेनाशी झाली आणि बायकांना गाडी चालवणं कितीतरी सोपं झालं. पण इंजिन फिरवणाऱ्या मोटरला वीज भरपूर लागते. तेवढी वीज बोटाखालच्या नाजूक बटणातून सोडली तर बटण जळून जाईल. म्हणून मध्ये असतो सोलेनॉइड. आपले मेकॅनिक स्कूटरच्या या भागाला स्टार्टर रिले म्हणतात. बटण दाबलं की त्याच्या आतल्या तारेच्या गुंडाळीत थोडी वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं, आणि ते आतला तुकडा ओढून दोन जाड वायरी एकमेकींना जोडतं. ऐकू येतं ते टक् याचंच. वर्षानुवर्षं ठिणग्या उडून आतले तांब्याचे भाग जळाले की टक् होतं, पण वीज पुढे जात नाही. मोटर बिचारी ठणठणीत असते आणि बदनाम होते.

आधी खात्री केली. स्कूटरचा ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, म्हणून ब्रेक घट्ट धरून पाहिलं. मग शेजारच्या वायरमन काकांकडून मल्टीमीटर आणला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर होती, म्हणजे चांगली. बॅटरीच्या जोडांवर गंजही नव्हता. रिलेच्या दोन जाड टोकांना मीटरच्या पिना लावल्या आणि लेकीला बटण दाबायला सांगितलं. आतून जोड झाला तर आकडा शून्याजवळ यायला हवा. टक् ऐकू आलं, पण आकडा बारावरून हलेचना. चोर सापडला!

माझ्याच मॉडेलचा रिले बाजारातून आणला. अख्ख्या मोटरच्या मानाने किंमत फारच किरकोळ. मग गाडी मेन स्टँडवर, किल्ली बंद, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. हे विसरू नका, धातूचा स्पर्श झाला तर ठिणगी उडते. मोबाइलवर वायरींचा फोटो काढला. दहाच्या पान्याने बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडवली, मग पॉझिटिव्ह. रिलेचे दोन नट काढले, बारीक वायरींचा प्लग ओढला, जुना काढून नवा बसवला. नट नीट आवळले, कारण सैल राहिले तर तिथेच गरम होतं. परत जोडताना क्रम उलटा, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. सगळं मिळून पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं खाली पडलेला नट शोधण्यात.

काहीजण दोन जाड टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरून गाडी सुरू करतात. ते मात्र करू नका. पेट्रोलजवळ मोठी ठिणगी म्हणजे आगीशी खेळ. आणि अलीकडच्या बऱ्याच स्कूटरना आवाज न करणारा स्टार्टर असतो. त्यांची रचना वेगळी, तिथे जाणकारालाच हात लावू द्या. गाडी वॉरंटीत असेल तरीही.

ब्रेक धरला, बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लेक टाळ्या पिटत होती आणि माझ्या डोळ्यांत उगीचच पाणी. एवढ्याशा वस्तूसाठी मी आठवडाभर कुणाकुणाच्या विनवण्या करत होते!

बर्थाला दीर्घायुष्य लाभलं. 1929 साली कार्ल गेला, त्यानंतर ती पंधरा वर्षं जगली. ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेने कार्लला मानद डॉक्टर केलं होतं, तिने बर्थालाही मानद सिनेटर केलं, पण कधी? तिच्या 95 व्या वाढदिवशी. त्यानंतर दोनच दिवसांनी, 5 मे 1944 रोजी लाडेनबुर्गला तिने डोळे मिटले. 2008 सालापासून मानहाइम ते फोर्झहाइम हा तिचा रस्ता तिच्या नावाने ओळखला जातो. जन्माच्या वेळी जिच्यासाठी हळहळ लिहिली गेली, तिच्या नावाच्या पाट्या आज रस्तोरस्ती आहेत.

त्या दुपारी मी डबा घेऊन आईकडे गेले. माझ्या काळ्या नखांकडे बघून ती म्हणाली, काय गं, कोळसे फोडलेस की काय? मी सगळं सांगितलं. तिने काही कौतुकबिवतुक केलं नाही. उठली, राखेने भांडी घासायचा काथ्या आणला आणि माझा हात हातात घेऊन एकेक नख घासत बसली. निघताना मात्र हळूच म्हणाली, आता पाऊस असला तरी येशील ना?

दहाचा पाना तेव्हापासून माझ्या डिकीतच आहे. पुढच्या वेळी तुम्ही गाडीची सीट उचलाल तेव्हा हेल्मेट काढून लगेच बंद करू नका. पुस्तिका घेऊन बसा आणि आपल्या गाडीत काय कुठे आहे ते एकदा बघून ठेवा.