नामदार गोखल्यांचे विधेयक

बुधवार पेठेतून कॉलेजला येताना भिडेवाड्याची जागा लागते. १८४८ मध्ये फुले दांपत्याने तेथे मुलींची शाळा काढली. पुढे गरिबीत शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. वर्षभर ते मतांसाठी प्रांतोप्रांती फिरले. पराभव दिसत असूनही नामदारांनी ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडलाच. १९ मार्च १९१२ रोजी तो १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळला गेला. विधेयक समितीच्या दारापर्यंतही पोहोचले नाही. १९१५ मध्ये नामदार गेले. शिक्षणहक्काचा देशव्यापी कायदा व्हायला २००९ साल उजाडावे लागले. माझे पणजोबा मात्र जन्मभर अंगठाच उठवत राहिले. ते ३८ हात मला अजून सलतात.