मायकेल अँजेलो आणि रोमचे पडके स्नानगृह

भगिनींनो, आपली बालवाडी भरते ती जुनी वखार पाडून नवी इमारत बांधावी, की आहे तीच नीट करून घ्यावी, यावर यंदाच्या बैठकांत बरीच बोलाचाली झाली. मी सातवीपर्यंत शिकलेली. बांधकामातले मला फारसे कळत नाही. पण त्याच दिवसांत वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात मायकेल अँजेलोचे चरित्र वाचायला मिळाले, आणि त्याचा शेवटचा भाग मनात घर करून राहिला. म्हणून स्मरणिकेसाठी तेच लिहून देत आहे.

मायकेल अँजेलोचा जन्म इटलीतील काप्रेसे गावी ६ मार्च १४७५ रोजी झाला. तान्हा असताना त्याला दूध पाजण्यासाठी एका पाथरवटाच्या घरी ठेवले होते. सहा वर्षांचा असताना आई गेली. मुलाने चित्रे काढीत बसावे हे घरच्यांना पसंत नव्हते. त्यापायी त्याने मारही खाल्ला. अखेर तेराव्या वर्षी फ्लॉरेन्स शहरात तो एका चित्रकाराच्या हाताखाली शिकू लागला.

त्याच शहरात संगमरवराचा एक प्रचंड दगड बरीच वर्षे उघड्यावर पडून होता. आधीच्या कारागिरांनी त्याला हात घालून अर्ध्यावर सोडून दिला होता. मायकेल अँजेलोने तोच दगड १५०१ मध्ये कामाला घेतला आणि १५०४ मध्ये त्यातून डेव्हिडची मूर्ती उभी केली. दुसऱ्याने बिघडवलेले काम हाती घेणे किती जिकिरीचे असते, हे उसवलेला ब्लाउज पुन्हा शिवणाऱ्या आपल्या भगिनींना सांगायला नको! पुढे १५०८ ते १५१२ या काळात त्याने रोममधील सिस्टाइन चॅपेलचे छत रंगविले. ती हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून विस्तार करीत नाही.

त्याने लग्न केले नाही. स्वभाव तापट, राहणी साधी. उर्बिनो नावाचा त्याचा चाकर पुष्कळ वर्षे त्याच्याजवळ होता. तो अंथरुणाला खिळला तेव्हा ऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याने स्वतः त्याची शुश्रूषा केली. १५५५ च्या अखेरीस उर्बिनो गेला आणि मायकेल अँजेलो अगदी एकटा पडला. सेंट पीटरच्या मोठ्या चर्चचे काम मात्र त्याने सोडले नाही.

आता त्या स्नानगृहाकडे वळते. रोमच्या डायोक्लेशियन बादशहाने सन २९८ ते ३०६ च्या सुमारास लोकांसाठी एक अवाढव्य स्नानगृह बांधले होते. गरम, कोमट, गार अशा पाण्याची निरनिराळी दालने, आणि एका वेळी सुमारे तीन हजार माणसे स्नान करतील एवढी जागा. पुढे ५३७ मध्ये शत्रूने शहराला वेढा घालून पाण्याचे पाट तोडले. पाणीच नाही तर स्नानगृह कसले? ते ओस पडले. मग हजार वर्षे लोक तेथील दगड आणि संगमरवर उचलून नेत राहिले.

सिसिलीकडच्या आंतोनिओ देल दूका नावाच्या एका पाद्रीने मात्र ध्यास घेतला होता, की या पडक्या जागेत देवदूतांच्या नावाने चर्च व्हावे. ख्रिस्ती लोकांना वेठीला धरून ही इमारत बांधून घेतली, अशी समजूत होती. १५४१ पासून वीस वर्षे तो एकामागून एका पोपच्या पायऱ्या झिजवीत राहिला. शेवटी १५६१ मध्ये चौथ्या पायस पोपने होकार दिला. पुष्कळ वास्तुकारांनी नकाशे पुढे केले. पसंत पडला तो शहाऐंशी वर्षांच्या मायकेल अँजेलोचा.

त्याने काय केले? पाडले तर जवळजवळ काहीच नाही. मधल्या प्रशस्त दालनाच्या कमानी आणि छत शाबूत होते, ते तसेच ठेवले. लाल दगडाचे आठ अखंड खांब मूळ जागीच उभे होते, त्यांना हलविले नाही. बाहेरची जमीन शतकानुशतके भर पडून वर आली होती, म्हणून आतली फरशी सुमारे सहा-सात फूट उंच घेतली. रस्ता दर खेपेला उंच होतो आणि पावसाचे पाणी घरात शिरते, हे दुखणे आपल्याला ठाऊकच आहे. उंचवट्यात खांबांचे पाय गाडले गेले, तेवढे सोसले. दर्शनी भागीही नवा थाट केला नाही. आजही त्या चर्चला शिरायचे ते जुन्या विटांच्या उघड्या, वळणदार भिंतीतूनच.

एवढे नाव मिळविलेल्या माणसाने म्हातारपणी दुसऱ्याच्या भिंती आपल्या कामाने झाकू नयेत, याचे मला फार नवल वाटते. पुढच्यांना तेवढा धीर राहिला नाही; १७५० च्या सुमारास आतून पुष्कळ सजावट चढली.

काम पुरे झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, नव्वदीला वर्षभर उरले असताना, तो रोममध्ये वारला. उरलेले काम त्याच्या शिष्याने पुढे नेले. तो शिष्य आंतोनिओ पाद्रीचाच पुतण्या.

स्नानगृहाच्या इतर दालनांनाही मग कामे मिळाली. काहींत १५७५ मध्ये धान्याचे कोठार झाले. १८८९ मध्ये तेथे जुन्या वस्तूंचे संग्रहालय उघडले. चर्चच्या फरशीत १७०२ मध्ये पितळेची एक लांब रेघ बसविली. वर भिंतीला ठेवलेल्या भोकातून भर दुपारी उन्हाचा कवडसा त्या रेघेवर येतो, आणि त्यावरून त्या काळी पंचांग तपासून पाहत. ती रेघ अजून तेथे आहे.