नूट रॉक्नी

बलाढ्य बचावापुढे केवळ बळ चालत नाही, हे आम्ही रॉक्नींच्या चरित्रावरून शिकतो. १८८८ साली नॉर्वेत जन्मलेले रॉक्नी बालपणीच शिकागोस आले. टपालखात्यात नोकरी करून पैसे साठवीत ते बाविसाव्या वर्षी नोटर डेम विद्यापीठात दाखल झाले. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे फेकण्यास १९०६ पासून मुभा होती. तिचे मोल थोड्यांनीच ओळखले. १९१३ च्या उन्हाळ्यात रॉक्नी व त्यांचे मित्र गस डोरे यांनी सरोवरकाठच्या वाळूत त्याचाच सराव केला. १ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटचा बलाढ्य सैनिकी संघ समोर आला. डोरे यांनी त्याच्या फळीवरून चेंडू फेकले, रॉक्नींनी झेलले. फळी पांगली, धावण्यास वाट मिळाली आणि ३५-१३ असा विजय लाभला. पुढे तेथेच प्रशिक्षक होऊन त्यांनी १०५ सामने जिंकले. १९३१ साली विमान-अपघातात त्यांचा अंत झाला. संधी सर्वांपुढे असते. ती फळते तयारी करणाऱ्यालाच, हे आम्ही विसरू नये.