फकिरा : लोककथेतून पुस्तकात, पुस्तकातून पडद्यावर

सातारा-सांगलीच्या मुलखात बंडखोरांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. इंग्रज सरकारच्या दप्तरी जे दरोडेखोर होते, ते गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत वीरपुरुष ठरले. या मौखिक परंपरेला साहित्याचे रूप आणि स्पष्ट राजकीय आशय देण्याचे श्रेय लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्याकडे जाते. त्यांच्या अनेक कथांवर पुढे चित्रपट निघाले. मात्र शाहिरी फडावरून रुपेरी पडद्यावर जाताना त्या विचाराची वाट सोपी राहिली नाही.

वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. तेव्हा हा प्रदेश सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. अण्णाभाऊंच्या वाट्याला शाळा जेमतेम दीड दिवस आली. पोटासाठी हे कुटुंब वाटेगावाहून पायी मुंबईला गेले. तेथे पडेल ते काम करीत, गिरणीत राबत अण्णाभाऊ अक्षरे शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये ते कम्युनिस्ट चळवळीशी जोडले गेले. गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते रमले. हाताशी विचार होता, आता त्याला कलेचे माध्यम मिळाले.

१९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. पुढच्याच वर्षी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. तमाशाचा परंपरागत साचा अण्णाभाऊंनी धीटपणे बदलला. गणातील देवस्तुतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले, गौळण गळाली आणि वगात सावकार, गिरणीमालक व पुढारी दिसू लागले. सरकारने प्रयोगांवर बंदी घातली, पण लोकनाट्य थांबले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदानेच्या मैदाने जागविली.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा, सरकारी खजिन्यावर हात टाकणारा आणि शेवटी ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होणारा हा नायक लोककथेतलाच होता. त्याच्या बंडामागची भूक आणि गुन्हेगार जमाती कायद्याची हजेरी अण्णाभाऊंनी ठळक केली. त्यामुळे ही पराक्रमाची गोष्ट अन्यायाची कैफियतही ठरली.

१९६१ मध्येच अण्णाभाऊ सोव्हिएत संघाच्या प्रवासास गेले. लोकमहाकाव्य आणि राजकारण यांचे नाते त्या देशातही गुंतागुंतीचे होते. १९५०च्या दशकाच्या आरंभी ‘अल्पामिश’ आणि ‘देदे कोरकुत’ या तुर्की वंशाच्या लोकांच्या महाकाव्यांवर सरंजामी असल्याचा ठपका ठेवण्यात आला होता. याउलट जुलमी सरदारांविरुद्ध बंड करणाऱ्या ‘कोरोग्लू’च्या कथेवर बाकू येथे १९६० मध्ये चित्रपट निघाला. राज्यकर्त्यांच्या विचारसरणीत बसणारा बंडखोर तेथे पडद्यावर सन्मानाने आला.

मराठी पडद्यावर अंकुश होता तो मुख्यतः गल्ल्याचा. १९६१ मध्ये गजानन जागीरदार यांनी ‘वैजयंता’ केला, १९६३ मध्ये ‘फकिरा’ आला. १९७० मध्ये ‘वारणेचा वाघ’ मूळ नावानेच झळकला. परंतु ‘माकडीचा माळ’चा ‘डोंगरची मैना’ झाला, ‘चिखलातील कमळ’चा ‘मुरळी मल्हारीरायाची’ आणि ‘अलगूज’चा ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’. लावणीचा ठसका आणि ग्रामीण रंग यांची प्रेक्षकांना असलेली ओढ या नावांतूनच दिसते. फडावर शब्द, सूर आणि विचार शाहिराच्या हाती होते. चित्रपटात निर्माता, वितरक आणि तिकीटबारी यांचे मत अधिक मोलाचे ठरत होते.

या चित्रपटांनी अण्णाभाऊंचे नाव सर्वदूर नेले, पण घरचे दारिद्र्य हटले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे, अवघ्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘वारणेचा वाघ’ पडद्यावर आला तेव्हा तो पाहायला लेखक उरला नव्हता.

२००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले आणि २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. वारणाकाठचा बंडखोर मात्र आजही सर्वाधिक जिवंत भेटतो तो ‘फकिरा’च्या पानांतच. चित्रपट पाहिलेल्यांनीही ती कादंबरी एकदा वाचावी, एवढे तिचे मोल नक्कीच आहे.