फुरसुंगीचा बन्या आणि भा. रा. भागवत

भा. रा. भागवत हे नाव कदाचित पटकन आठवणार नाही. पण त्यांनी घडवलेला मुलगा तुम्हाला नक्की आठवेल : फास्टर फेणे!

भास्कर रामचंद्र भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला. तरुणपणी ते आकाशवाणीत नोकरीला होते. बेचाळीसच्या चळवळीत नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढे मुलांसाठी लिहिणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम झालं. पन्नासच्या दशकात त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक चालवलं. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठी लिहीत.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या विज्ञानकथा त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यातलीच पुस्तकं. तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेली माणसं मला आपल्या भाषेत भेटली ती भागवतांमुळे. विज्ञानाची गोडी मला आधी तिथे लागली, पाठ्यपुस्तकाची पाळी नंतर आली.

बालसाहित्यासाठी त्यांना पुरस्कार मिळाले, मानसन्मान मिळाले. पण माझ्या दृष्टीने त्यांचं सर्वांत मोठं काम वेगळंच. त्यांचा नायक बनेश फेणे मूळचा आपल्याच जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्या भवन शाळेत शिकायला आलेला. अंगाने काडीपैलवान, पण सायकलवर बसला की वारा! तो प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, तरी फुरसुंगीचाच राहिला. वीस पुस्तकांत त्याला आपलं गाव लपवावंसं कधी वाटलं नाही.

मला मात्र वाटलं होतं. दहावीपर्यंत पुस्तकांचं कपाट उघडण्याची वाट बघणारी मी, इंजिनिअरिंगला पुण्यात गेल्यावर कोणी गाव विचारलं की ‘नगर रोडला राहते’ असं सांगायची. मराठी माध्यम, गावाकडची बोली, सगळंच झाकून ठेवलं होतं. २७ ऑक्टोबर २००१ रोजी भागवत गेले. होस्टेलवर त्यांच्याबद्दल बोलणं निघालं. शहरात वाढलेल्या मुली फुरसुंगीच्या बन्याविषयी अगदी आपल्या भावाविषयी बोलावं तशा बोलत होत्या. तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, मी वढू बुद्रुकची. कोणी हसलं नाही. उलट संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव ना, म्हणून चौकशी झाली. माझीच मला लाज वाटली.

ऐंशीच्या दशकात फेणे दूरदर्शनवर आला, २०१७ साली सिनेमातही आला. आपल्या मुलांनी तो पडद्यावर पाहिला असेल. त्यांच्या हाती पुस्तकही पडायला हवं. मेळाव्याला येताना शाळेच्या वाचनालयासाठी मी भागवतांची पुस्तकं आणते आहे. सर, बाई, एकच विनंती : कपाटाला कुलूप लावू नका. पुस्तकं फाटली तर फाटू द्यात, मी नवी आणून देईन.