ट्राउटच्या पोटात डोकावणारा वकील

ट्राउट मासा पकडण्यासाठी गळावर पिसे आणि रेशीम गुंडाळून बनवलेली कृत्रिम माशी वापरतात. काश्मीर व हिमाचलच्या नद्यांत इंग्रजांनी आणून सोडलेला हाच तो मासा. या छंदाकडे वळणारा नवशिक्या पहिल्याच दिवशी गोंधळतो, कारण दुकानात माश्यांचे शेकडो प्रकार असतात. त्यांतली कोणती निवडायची? जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज यांचे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरले.

१३ ऑगस्ट १८५८ रोजी न्यूफाउंडलँडमध्ये जन्मलेले स्क्यूज बालपणीच इंग्लंडला आले. विंचेस्टरच्या शाळेत शिकताना जवळून वाहणाऱ्या इचेन नदीने त्यांना भुरळ घातली. पुढे लंडनमध्ये वकिली केली, लग्न केले नाही. सुटीचा दिवस मात्र इचेनकाठी, ॲबट्स बार्टन येथे.

त्या काळी या खडूच्या प्रदेशातील नितळ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा शब्द प्रमाण होता. मासा वर येऊन कीटक टिपताना दिसावा, तो कीटक ओळखावा आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती पाण्यावर तरंगत सोडावी, हा त्यांचा दंडक. १८८६ च्या ग्रंथात त्यांनी अशा ९० माश्या वर्णिल्या. पुढे १९१० मध्ये स्वतःच त्या ३३ वर आणल्या. बुडणारी माशी वापरणे हे शिष्यमंडळींच्या लेखी जवळजवळ पापच.

स्क्यूजही आधी याच पंथातले. पण एकदा नीट न तरंगणारी माशी पाण्याखाली गेली आणि ट्राउटने तीच पकडली. असे पुन्हा पुन्हा घडू लागले, तेव्हा वकिलाने पुरावा शोधला. नळीच्या हाडातला मगज काढण्याचा लांबट चमचा घेऊन ते पकडलेल्या माशाचे पोट तपासू लागले. त्यातला ऐवज बशीतल्या पाण्यात सोडला की त्या माशाने नुकतेच काय खाल्ले, ते कळे. पंख फुटलेले कीटक त्यात थोडे. बहुतेक निम्फ, म्हणजे पाण्याखाली वाढणारी, पंख न उघडलेली अवस्था. पृष्ठभागावर उठणाऱ्या वलयांनी भलेभले फसत होते. मासा वरचे नव्हे, इंचभर खालचे खात होता.

मग त्यांनी आखूड पिसांच्या, बारीक अंगाच्या, पाण्यात हलकेच उतरणाऱ्या प्रतिकृती बांधल्या. ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ १९१० मध्ये आले, तर ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’ १९२१ मध्ये. तरंगती माशी त्यांनी कधीच टाकून दिली नाही, हे त्यांचे टीकाकार सोयीने विसरले. मासा ज्या थरात खातो, त्या थरातली माशी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फच्या वापरावर जाहीर वाद झाला. ॲबट्स बार्टनच्या भागीदारांनाही त्यांची पद्धत रुचत नव्हती. १८८३ पासूनचे ते पाणी स्क्यूज यांनी त्याच वर्षी, ऐंशीच्या उंबरठ्यावर, सोडले. पुढच्याच वर्षी निम्फवरचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

९ ऑगस्ट १९४९ रोजी, वयाची ९१ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले असताना ते निवर्तले. त्यांची रक्षा ॲबट्स बार्टनलाच, इचेनकाठी विखुरण्यात आली.